कै. ताराबाई मोडक : शिशुवर्गाच्या शिक्षिका घडविणारी बाई

आपल्या मंडळ्यांत शाळेविषयी बोलणे निघाले म्हणजे बहुधा मोठ्या मुलांचीच गोष्ट निघते. कोणाचा मुलगा दहावीस किती गुण मिळवून उतरला, कोणाच्या मुलीस कोणत्या वसतिगृहात जागा मिळाली, इंग्रजी शाळेची फी कशी भरावी, यांवर पाळकापासून पंचांपर्यंत सर्व मत देतात. परंतु तीन-चार वर्षांच्या लेकराचा विषय कोणी काढीत नाही. त्यास सांभाळण्यास जी कोणी रिकामी असेल तिच्या हवाली करावे, तिला लिहिता-वाचता आले नाही तरी चालेल, अशी चाल पडून गेली आहे. जुन्या काळी पंतोजीच्या शाळेत बिगरीची पोरे मागच्या रांगेत कोंबून ठेवीत आणि वरच्या यत्तेतला एखादा दांडगा मुलगा त्यांच्यावर छडी घेऊन बसवीत. छडी गेली, परंतु लहान्यांना शिकविण्यास काही शिकावे लागते हे आम्हा लोकांच्या गळी अजून पुरते उतरलेले नाही. हे ज्या बाईने महाराष्ट्रास आणि गुजराथेस पन्नास वर्षे सांगितले, आणि नुसते सांगितले नाही तर करून दाखविले, त्या कै. ताराबाई मोडक यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांच्या कामाची शेवटची भूमी आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलीच होती. तेव्हा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या बाजूच्या आमच्या वाचकांना ही गोष्ट परक्या मुलुखातली वाटू नये.

ताराबाईंचा जन्म मुंबईस ता. 19 एप्रिल 1892 रोजी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर आणि आई उमाबाई ही उभयता प्रार्थनासमाजाची. प्रार्थनासमाज म्हणजे 1867 साली मुंबईत स्थापन झालेली, एकेश्वरी उपासना करणाऱ्या व जातिभेद आणि मूर्तिपूजा यांस विरोध करणाऱ्या सुधारक हिंदू गृहस्थांची मंडळी. आमच्या वाचकांपैकी जुन्या माणसांना तिचे नाव ठाऊक असेलच, कारण पंडिता रमाबाई ख्रिस्ती होण्यापूर्वी पुण्यात याच मंडळीच्या सहवासात वावरल्या होत्या. ज्या घरात मुलीस शिकविणे हे पाप नसून कर्तव्य होय असे मानीत, अशा घरात ताराबाई वाढल्या. त्या 1914 साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया साऱ्या इलाख्यात किती थोड्या असतील याचा विचार केला म्हणजे या गोष्टीचे महत्त्व कळते. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. त्याची कारणे उकरून काढण्यात आम्हास स्वारस्य नाही. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की तिशीच्या उंबरठ्यावर, पदरी लहान मुलगी घेऊन, आपल्या पायांवर उभे राहण्याचा प्रसंग या बाईवर आला, आणि ती कोणाच्या दारी हात पसरीत गेली नाही.

त्यांना काम मिळाले ते काठेवाडात. राजकोटास मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार करणारे बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज होते. तेथे त्या मुख्याध्यापिका म्हणून गेल्या. मातृभाषा मराठी, शिक्षण इंग्रजीतून, आणि हाताखालच्या शिक्षिका सर्व गुजराथी बोलणाऱ्या, असा तेथे प्रकार होता. ताराबाईंनी गुजराथी आत्मसात केली, आणि इतकी की पुढे त्या भाषेत त्या लेख व पुस्तके लिहू लागल्या. परक्या भाषेच्या वर्गात बसलेल्या माणसाची जीभ कशी जड होते हे त्यांनी पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या अनुभवातून जाणले असले पाहिजे असे आम्हास वाटते. पुढे वारली मुलांमध्ये त्यांनी जे केले त्याची ही पूर्वतयारीच होती.

राजकोटाहून त्या 1923 साली भावनगरास गेल्या, आणि येथे त्यांच्या आयुष्यास खरे वळण लागले. भावनगरात नानाभाई भट्ट यांनी 1910 साली काढलेली दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती. गिजुभाई बधेका नावाचे एक वकील आपली चालती वकिली सोडून त्या संस्थेत आले होते. गिजुभाईंच्या हाती डॉ. मारिया मॉन्टेसोरी या इटालियन बाईंचे विचार पडले होते. या बाईंनी 1907 साली रोम शहरातील सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत लहान मुलांसाठी एक घर उघडले. दिवसभर आईबाप कामावर गेल्यामुळे भिंती खराब करीत हिंडणारी ती पोरे होती. त्यांना योग्य साधने हाती देऊन मोकळे सोडले असता ती आपण होऊन तासन् तास एका कामात गढून जातात, शिस्त पाळतात, आणि चार-पाच वर्षांची असतानाच लिहू लागतात, असे बाईंच्या पाहण्यात आले. गिजुभाईंनी 1920 साली भावनगरास बालमंदिर उघडले. मुले त्यांना मिशाळ आई म्हणत. ताराबाई तेथे नऊ वर्षे राहिल्या.

मॉन्टेसोरीबाईंच्या रीतीत अक्षरओळख कशी करून देतात हे थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर सर्व बोलणे हवेत राहील. आमच्याकडे पाटीवर अक्षर काढून देऊन त्यावर पन्नास वेळा गिरविण्यास सांगतात, आणि मुलाने रडत रडत ते अक्षर जाड केले म्हणजे अक्षर आले असे समजतात. त्या रीतीत तसे नाही. मुलाचा हात आधी तयार करावयाचा. लाकडी दट्ट्ये खोबणीत बसविणे, बटणे लावणे, पाणी ओतणे, आकृतीच्या कडेने पेन्सिल फिरविणे, या कामांनी बोटे वळणावर येतात. मग खरखरीत कागदाची कापलेली अक्षरे पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांवरून मुलाने बोट फिरवावयाचे, आणि त्याच वेळी त्या अक्षराचा उच्चार ऐकावयाचा. डोळा, बोट आणि कान तिन्ही मिळून अक्षर धरतात. असे काही महिने गेले म्हणजे एखाद्या दिवशी मूल खडू उचलते आणि लिहिते. वाचणे त्यानंतर येते. ज्यांनी हे पाहिलेले नाही त्यांना ते जादूसारखे वाटते, परंतु त्यामागे शिक्षिकेची पुष्कळ दिवसांची तयारी असते. तिला आधी गप्प राहून पाहण्यास शिकावे लागते. कोणते मूल कोणत्या साधनाकडे वळते, कोठे अडते, कधी थकते, हे टिपून ठेवावे लागते. आम्हा उपदेश करणाऱ्या मंडळींस ही गोष्ट फार कठीण जाईल.

म्हणूनच भावनगरात बालमंदिराच्या जोडीस शिक्षकांचा वर्ग निघाला. चांगली बालशाळा एकच काढली तर ती एका गावापुरती राहते, आणि ती काढणाऱ्याबरोबर संपते. शिकलेल्या शिक्षिका बाहेर पडल्या तर गावोगाव शाळा निघतात. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि शिक्षणपत्रिका हे मासिक आधी गुजराथीतून, व पुढे 1933 पासून मराठीतूनही निघू लागले. ताराबाईंनी त्याचे संपादन केले, आणि आईबापांसाठीही सतत लिहिले. बालकांचा हट्ट, बिचारी बालके, बालविकास व शिस्त ही त्यांच्या काही पुस्तकांची नावे आहेत. मुलास मारू नये हे आज कायद्याने सांगितले आहे. तेव्हा ते सांगणाऱ्याला लोक वेडा म्हणत. लेकरास मार दिल्यावाचून ते सुधारत नाही असे समजणारी माणसे आमच्याही उपासनामंदिरांत बसतात, आणि त्यासाठी शलमोनाच्या नीतिसूत्रांचा आधारही दाखवितात. आमच्या प्रभूने लेकरांना जवळ घेतले तेव्हा हातात छडी घेतली नव्हती हे त्यांच्या लक्षात येत नाही.

येथे आमच्या मंडळ्यांच्या हितासाठी एक गोष्ट मध्येच सांगतो. बालशिक्षिका तयार करण्याचे काम महाराष्ट्रात ताराबाईंपूर्वी कोणी केलेच नाही असे नाही. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या अविवाहित बाई 1827 साली मुंबईस आल्या आणि पुढे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, मुलींच्या शाळा चालवून 1862 साली वारल्या. त्यांच्याकडे सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत असताना फ्रोबेल या जर्मन शिक्षकाची बालोद्यानाची पद्धत अभ्यासिली आणि 1889 साली शारदासदन काढल्यावर तिचा उपयोग केला. सोलापुरास मेरी हार्डिंग या मिशनबाईंच्या नावाने बालोद्यान-शिक्षिकांची शाळा चालली. हे आम्ही बढाईसाठी सांगत नाही. उलट, ज्या मिशनांनी हे बी आधी पेरले त्यांच्याच गावच्या मंडळ्यांत आज बालवर्गाला कोणीही चालते असे म्हणतात, म्हणून आम्हास सांगावेसे वाटले.

1936 साली ताराबाईंनी मुंबईस दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. बालमंदिर आणि त्याच्या जोडीस शिक्षिका तयार करण्याचा वर्ग, अशी तिची मांडणी होती. संस्था भरभराटीस आली. 1939 साली मॉन्टेसोरीबाई स्वतः हिंदुस्थानात आल्या, मद्रासेस अड्यार येथे त्यांचे वर्ग झाले, महायुद्ध पेटल्यामुळे त्या काही वर्षे येथेच राहिल्या, आणि सुशिक्षित घरांत बालशिक्षणाची एक आवड उत्पन्न झाली. दुसरी एखादी बाई येथेच समाधान मानून राहिली असती. ताराबाईंना मात्र एक गोष्ट बोचू लागली. परदेशाहून आलेल्या पद्धतीची साधने महाग, आणि ती घेऊ शकणाऱ्या शाळांत मुले येणार ती बऱ्या घरचीच. रोमच्या ज्या पोरांसाठी ही पद्धत जन्मास आली, तशी पोरे आपल्या देशात खेड्यापाड्यांत पडलेली, आणि पद्धत मात्र शहरातल्या सुखवस्तू लोकांची झाली. महात्मा गांधींच्या विचारांचाही त्यांच्या मनावर परिणाम झाला होता. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, जेव्हा माणसे निवृत्तीची भाषा बोलू लागतात तेव्हा, त्या दादर सोडून बोर्डीस गेल्या.

बोर्डी हे समुद्रकाठचे, डहाणू तालुक्यातील गाव. गुजराथी आणि मराठी या दोन्ही भाषा तेथे एकमेकींत मिसळतात. आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांनी त्या भागात आधीच शाळेचे काम रुजविले होते. ताराबाई तेथे गेल्या ते साल होते 1945. याच वर्षी उंबरगाव व डहाणू तालुक्यांतील वारली लोक वेठबिगारीविरुद्ध उठले होते. मे महिन्यात झरी येथे त्यांची मोठी सभा झाली, आणि ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसे मेली. सावकार आणि जमीनदार यांचे गवत कापावे, जंगल तोडावे, लग्नासाठी घेतलेल्या थोड्या रुपयांपायी नवराबायकोने जन्मभर राबावे, अशी त्या लोकांची स्थिती होती. ज्या घरात आईबाप दोघेही असे राबतात, तेथे मूल कोण पाहणार आणि शाळेत कोण घालणार? ताराबाईंनी राजकारणाचा मार्ग धरला नाही. 1946 ते 1951 या काळात त्या मुंबईच्या विधानसभेच्या सभासद होत्या हे खरे, परंतु त्यांचे चित्त होते ते बोर्डीच्या ग्राम बालशिक्षा केंद्रात.

या कामी त्यांना एक सहकारी मिळाली, तिचे नाव सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. अनुताई वाघ यांचा जन्म 1910 साली पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी लग्न, आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळच्या हिंदू घरात अशा मुलीच्या वाट्यास काय येत असे हे आमच्या वाचकांना सांगणे नको. परंतु या मुलीने शिक्षण घेतले, ती शिक्षिका झाली, आणि 1945 साली खेड्यांतील स्त्रीसेविकांसाठी भरलेल्या एका शिबिरात तिची व ताराबाईंची गाठ पडली. पुढची अठ्ठावीस वर्षे, ताराबाईंच्या मरणापर्यंत, या दोघींनी एकत्र काम केले. एक शहरात वाढलेली, विदुषी, योजना आखणारी. दुसरी तिच्याहून अठरा वर्षांनी लहान, पाड्यापाड्यांतून पायी हिंडणारी. पुष्कळ संस्थांत अशा दोन माणसांचे जमत नाही हे आम्ही मिशनातही पाहिले आहे. या दोघींचे जमले.

बोर्डीस प्रथम काय झाले? बालवाडी उघडली, आणि मुले आली नाहीत. ज्यांच्यासाठी ती उघडली होती ती तर मुळीच आली नाहीत. आईबापांना वाटे, ही शहरची बाई आमच्या पोरांना कशास बोलावते? शिवाय मोठे मूल घरी राहून धाकट्यास सांभाळीत असे, ते शाळेत गेले तर धाकट्यास कोण पाहील? तेव्हा ताराबाई व अनुताई यांनी एक साधी गोष्ट केली. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीने मुलांकडे जावे. वस्तीतल्या एखाद्या घरापुढचे अंगण झाडून, सारवून, तेथे मुले गोळा करावयाची. आधी त्यांचे नाक पुसावयाचे, नखे काढावयाची, केस विंचरावयाचे, अंघोळ घालावयाची, मग गाणे, मग गोष्ट, मग खेळ. आया आपल्या ओट्यावरून हे सर्व पाहात. पाहता पाहता त्यांनाही आपले लेकरू धुण्यापुसण्याची सवय लागे. या अंगणातल्या शाळेचे नाव अंगणवाडी पडले. आज आपल्या प्रत्येक गावात, वाडीत जी पाटी दिसते त्यावरील शब्द येथून आला.

महाग साधनांचा प्रश्नही तेथेच सुटला. समुद्रावर शिंपले हवे तितके. जंगलात बिया, काड्या, पाने, फळांची बोंडे. कुंभाराकडे लहान मोठी मडकी. मोजणे शिंपल्यांनी होते, रंग पानाफुलांनी कळतात, लहान मोठे मडक्यांच्या उतरंडीवरून समजते. दट्ट्यांच्या परदेशी पेटीवाचून बोटांस जे वळण लागावयाचे ते निवडणे, ओवणे, विणणे, ओतणे यांनी लागते. तत्त्व मॉन्टेसोरीबाईंचे, वस्तू डहाणूच्या. येथे शिकणाऱ्या शिक्षिकेस साधने विकत घेण्यास नव्हे, तर गोळा करण्यास आणि बनविण्यास शिकविले जाई. आमच्या मते ताराबाईंच्या साऱ्या कामात अधिक टिकाऊ गोष्ट हीच होय, कारण जी शिक्षिका आपली साधने आपण करू शकते तिची शाळा वर्गणी थांबली म्हणून बंद पडत नाही.

1957 साली हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाड या टेकडीवरील गावी, थेट वारली वस्तीच्या मध्यभागी गेले. तेथे विकासवाडी नावाचा प्रयोग सुरू झाला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच ठिकाणी, अशी त्याची रचना होती. कारण स्पष्ट आहे. धाकटे पाळणाघरात राहिले म्हणजे त्यास सांभाळणारी सात वर्षांची बहीण मोकळी होऊन शाळेत बसते. सरकारी शाळेच्या पटावर त्या मुलीचे नाव होते, पण तिच्या कडेवरच्या मुलाचा विचार कोणी केला नव्हता. आणि जी मुले गुरे राखावयास रानात जात, त्यांच्यासाठी शिक्षकच रानात जाऊ लागले. यास कुरणशाळा म्हणत. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, शिक्षकाच्या झोळीत पाट्या, पुस्तके व चित्रे आहेत, आणि झाडांची नावे, पक्ष्यांचे आवाज, गुरांची मोजदाद यांवरूनच धडा चालला आहे, असा हा देखावा. मोठ्या माणसांसाठी रात्रीचे वर्ग होते.

आता भाषेची गोष्ट सांगतो. कोसबाडच्या मुलांची घरची बोली वारली. ती मराठीजवळची, परंतु पुस्तकातली मराठी नव्हे. गुजराथीचाही तिला वास आहे. पुण्याच्या मराठीत पाठ वाचणारा मास्तर त्या मुलांपुढे उभा राहिला म्हणजे मुले गप्प बसत, आणि मास्तर समजे की पोरे मठ्ठ आहेत. मूल मठ्ठ नसते. त्यास रानातल्या कितीतरी झाडांची नावे येतात, कोणते फळ कधी पिकते, कोणता खेकडा कोठे सापडतो हे ते जाणते. त्याच्याजवळ शब्द आहेत, पण शाळेने ते ऐकूनच घेतलेले नसतात. ज्या शिक्षिकेस मुलाची बोली येते ती आधी त्याचा शब्द ऐकते, त्यास मान देते, आणि मग हळूच त्याच्या शेजारी शाळेचा शब्द ठेवते. दोन्ही शब्द मुलाच्या होतात. पहिला हिसकावून दुसरा दिला तर एकही धड राहत नाही. कोसबाडला याचा उपाय म्हणून पाड्यांतल्याच मुलींना बालसेविका म्हणून तयार केले. त्यांना शहरी शिक्षिकेइतके पुस्तकी ज्ञान नसे. परंतु मुलाच्या आईशी तिच्या बोलीत बोलणारी, तिच्या ओट्यावर बसणारी शिक्षिका त्यांच्यातूनच मिळाली.

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या वाचकांनी येथे क्षणभर आपल्या भोवताली पाहावे. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर नव्वद हजारांहून अधिक सिंधी निर्वासित आणून बसविले, आणि 1949 साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथे सिंधी शाळा निघाल्या, पुढे त्या कमी कमी होत गेल्या, आणि आज पुष्कळ घरांत आजी सिंधीत बोलते, नातू हिंदीत उत्तर देतो आणि शाळेत इंग्रजी घोकतो. अंबरनाथच्या कारखान्यांपायी सर्व प्रांतांची माणसे आली, त्यांच्या मुलांच्या तोंडी भोजपुरी, तेलगू, कन्नड. बदलापूरच्या बाहेर डोंगराकडे गेले की कातकरी वाड्या लागतात. वीटभट्टीचा हंगाम आला म्हणजे ती कुटुंबे उठून जातात, आणि मुलांची नावे हजेरीपटावर राहून मुले मात्र भट्टीवर जातात. कातकरी मुलाची बोली वेगळी, आणि अंगणवाडीत शिकविणारी बाई बहुतकरून दुसऱ्या समाजाची. ताराबाईंपुढे कोसबाडला एक बोली होती. आपल्यापुढे एका वर्गात चार असतात. आमच्या शब्बाथशाळांतही हीच अडचण आहे. पुस्तकी मराठीतले गीत मुले पाठ म्हणतात, आणि अर्थ विचारला म्हणजे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. त्या वर्गावर जी तरुण मुलगी उभी करतो तिला आम्ही काय शिकवून पाठवितो? बहुधा एक पाठपुस्तक हाती देतो, आणि प्रार्थना करून मोकळे होतो.

कोणी म्हणेल, ताराबाई ख्रिस्ती नव्हत्या, मग आमच्या पत्रात त्यांचे चरित्र कशास? आमचे उत्तर असे की अंगणातल्या लेकराचे नाक पुसण्याचे काम कोणत्या धर्माचे हे आम्हास विचारू नये. जेथे ते चालले आहे तेथे आम्ही टोपी काढून उभे राहतो. त्यांच्या कामातील उणेही दिसते ते सांगतो. कोसबाडचा प्रयोग लहान होता, आणि मोठ्या तोलाच्या दोन बायका रात्रंदिवस तेथे राहिल्या म्हणून तो उभा राहिला. अशी माणसे सरकारी हुकुमाने निर्माण होत नाहीत. 1975 साली, ता. 2 ऑक्टोबर रोजी, हिंदुस्थान सरकारने देशातील 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि तिच्या केंद्रास अंगणवाडी हे नाव दिले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, आजारी मुलांस दवाखान्यात धाडणे, आयांना आहार व आरोग्याचे शिक्षण, आणि शाळेपूर्वीचे शिक्षण, अशा सहा गोष्टी त्या योजनेत होत्या. या सहांपैकी शिक्षणाची गोष्ट पुष्कळ ठिकाणी मागे पडली आणि खिचडी पुढे राहिली. भुकेल्या मुलास खिचडी हवीच, ताराबाईंनीही उपाशी मुलास गोष्टी सांगून भागविले नाही. परंतु ज्या सेविकेवर नोंदवह्या, वजनकाटा, पोलिओचे डोस आणि निवडणुकीच्या याद्या यांचे ओझे घातले, तिने गाणे कधी म्हणावे? 2009 सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानेही सहा वर्षांच्या मुलापासूनच मोजणी सुरू केली, त्याखालचे मूल बाहेर राहिले. 2020 सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन वर्षांपासूनचे शिक्षण आणि घरची भाषा या दोन्ही गोष्टी कागदावर आल्या आहेत. कोसबाडला त्या साठ वर्षे आधी चालू होत्या.

सरकारने ताराबाईंचा गौरव केला नाही असे नाही. 1962 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यानंतरही त्या कोसबाडचेच काम करीत राहिल्या. ता. 31 ऑगस्ट 1973 रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. अंगणवाडी हा शब्द सरकारच्या योजनेत शिरून देशभर गेलेला पाहण्यास त्या राहिल्या नाहीत. दोनच वर्षे कमी पडली.

अनुताई मागे राहिल्या. ताराबाईंसारखी विद्वत्ता आपल्यापाशी नाही असे मानणाऱ्या या बाईने पुढची एकोणीस वर्षे टेकडीवरचे काम चालविले, आठवणी लिहिल्या, बालसेविकांचे वर्ग घेतले, आणि 1982 साली प्रा. रमेश पानसे यांच्याबरोबर ग्राममंगल ही नवी संस्था उभी केली. 1985 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ता. 27 सप्टेंबर 1992 रोजी त्या कोसबाडलाच वारल्या. 2014 साली ठाणे जिल्ह्याचे दोन भाग झाले, डहाणू व कोसबाड पालघर जिल्ह्यात गेले, आणि उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ठाण्यात राहिले. ज्यांना ती टेकडी पाहावयाची असेल त्यांनी पश्चिम रेल्वेने डहाणू रोड किंवा घोलवड येथे उतरावे. शब्बाथशाळेच्या शिक्षिकांना एकदा तेथे घेऊन जाण्याचा विचार ज्या मंडळ्या करतील, त्यांनी तो पावसाळा संपल्यावर आणि गवतकापणीच्या आधी करावा, म्हणजे मुले पाड्यावर भेटतील.